मशीन सारखं जळतं कामून? ग्राइंडर, कटर, हॅमर वापरणाऱ्यांसाठी वायर, अर्थिंग अन कार्बनचा सविस्तर हिशोब

ग्राइंडर जळालं, हॅमरचं आर्मेचर (मोटरचा तार गुंडाळलेला फिरता भाग) गेलं, कटर कार्बन (त्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे छोटे तुकडे) खाऊन ऱ्हायलं, अशी कंप्लेंट घेऊन कारागीर दुकानात आला की त्याचा पहिला प्रश्न असतो, आता दुसरी कोणती कंपनी घेऊ? दुसरी घ्या की, पण वायर तीच, एक्स्टेंशन बोर्ड तोच, टेप गुंडाळलेले जोडही तेच ठेवले तर नवी मशीनसुद्धा त्याच वाटेनं जाणार. मशीनपर्यंत करंट कसा येतो ते बघितल्याशिवाय मशीन बदलू नका, एवढंच मला गवंडी, फरशीवाले, फॅब्रिकेशनवाले, सुतार, प्लंबर सगळ्या भावांना सांगायचंय. आपल्या मराठवाड्यात तर हे जास्तच लागू पडतं, कारण काम बऱ्याचदा शेतातल्या शेडवर नसता गावाच्या टोकाच्या वस्तीवर असतं, डीपी (ट्रान्सफॉर्मर) लांब, व्होल्टेज पडलेलं, जमीन वाळून भेगाळलेली, अन मे महिन्यात ऊन ४२-४३ डिग्री. या सगळ्याचा भार शेवटी मशीनवर अन तुमच्या जिवावर येतो.

आधी मशीनची पाटी वाचा

प्रत्येक मशीनवर एक छोटी पाटी असते, तिच्यावर वॅट, व्होल्ट, स्पीड लिहिलेला असतो. वॅटला २३० नी भागा, अंदाजे अ‍ॅम्पिअर निघतात. ८५० वॅटचं चार इंची ग्राइंडर साधारण ३.७ अ‍ॅम्पिअर, १४०० वॅटचा मार्बल कटर ६ च्या थोडं वर, २२०० वॅटची चौदा इंची कटऑफ मशीन साडेनऊ-दहा. चालू होताना क्षणभर याच्या कितीतरी पट करंट जातो तो वेगळा. आता बघा, घरातल्या बोर्डाचं छोटं सॉकेट असतं ६ अ‍ॅम्पिअरचं, म्हणजे १३०० वॅटच्या पुढं त्याच्यावर काही लावायचंच नाही, अन आपल्याकडं फरशीवाले दिवसभर मार्बल कटर त्याच छोट्या सॉकेटवर चालवतात, मग सॉकेट काळं पडतं, पिन सैल होते, आत ठिणग्या उडतात अन घरमालक म्हणतो तुमच्या मशीननं माझा बोर्ड जाळला. घरमालकाकडून १६ अ‍ॅम्पिअरचा पॉइंट मागून घ्या, गिझर नसता एसीचा असतोच कुठंतरी.

पाटीवर एकात एक असे दोन चौकोन दिसले तर ते मशीन डबल इन्सुलेशनचं आहे, त्याला अर्थची वायर नसते अन लावायची पण नाही. म्हणून त्याची केबल दोन कोरची, म्हणजे आत दोनच वायरी असलेली असते, ते बरोबरच आहे. पण मशीन दोन कोरचं म्हणून एक्स्टेंशन बोर्डही दोन कोरचा बनवायचा हे चूक, कारण त्याच बोर्डावर उद्या तुम्ही वेल्डिंग मशीन, पाण्याची मोटर, सिमेंटचा मिक्सर लावणार, त्यांना अर्थ लागतेच.

कमी व्होल्टेजला मशीन का जळतं

ग्राइंडर, ड्रिल, हॅमर, मार्बल कटर, चौदा इंची, या सगळ्यात कार्बनवाली मोटर असते, तिला युनिव्हर्सल मोटर म्हणतात. व्होल्टेज पडलं की तिचा स्पीड पडतो, अन मोटरला थंड करणारा पंखा त्याच शाफ्टवर असल्यामुळं हवाही कमी होते. कारागीर काय करतो, कटून नाही ऱ्हायलं म्हणून वरून जोर लावतो. जोर लावला की करंट वाढतो, अन गरमी करंटच्या वर्गानं वाढते, म्हणजे करंट दीडपट झाला तर गरमी सव्वादोनपट. हवा कमी, गरमी दुप्पट, वरून बाहेरचं ऊन. आर्मेचरवरचं वार्निश मऊ पडतं, तारेला तार लागते, वास येतो अन खेळ संपतो. मिक्सर, कॉम्प्रेसर, पंप यांची मोटर वेगळ्या जातीची असते, ती व्होल्टेज पडलं तरी स्पीड फार सोडत नाही पण करंट जास्त ओढते, शेवटी जळते तीही.

म्हणून साइटवर गेल्यावर पहिलं काम मल्टिमीटर लावायचं. २३० व्होल्टच्या १० टक्के खाली-वर म्हणजे २०७ ते २५३ पर्यंत ठीक धरा. पण नुसतं एकदा मोजून काही कळत नाही, चार वेळा मोजायचं. मशीन बंद असताना लाइटच्या मीटरजवळ, मग तुमच्या बोर्डावर. नंतर एकानं मशीन लोडवर चालवायचं, खरोखर कापत असताना, अन दुसऱ्यानं परत दोन्हीकडं मोजायचं. समजा मीटरजवळ लोडवरही २१० आहे पण तुमच्या बोर्डावर १८५ दिसतंय, तर २५ व्होल्ट तुमच्या वायरीनं खाल्ले, महावितरणचा काही दोष नाही. मीटरजवळच व्होल्टेज धाडकन पडत असेल तर सर्व्हिस वायर, खांबावरचा जोड नसता डीपीवरचा लोड, तिथं तुमच्या हातात फक्त वेळ बदलणं असतं, लोड कमी असतो तेव्हा भारी मशीन चालवायची. मल्टिमीटरच्या पिना धरताना बोटं मागं ठेवा अन सिलेक्टर एसी व्होल्टवर आहे ना हे प्रत्येक वेळी बघा, अ‍ॅम्पिअरच्या सॉकेटात पिन ठेवून सप्लायला लावली की मीटर हातातच फुटतो.

वायरीचा हिशोब, हा नीट वाचा

करंट जातो अन परत पण येतो, म्हणून ५० मीटरचा बोर्ड म्हणजे हिशोबाला १०० मीटर तांबं. चांगल्या तांब्याच्या लवचिक वायरीचा १०० मीटरला रेझिस्टन्स (करंटला होणारा अडथळा) साधारण असा, यात एमएम म्हणजे तारेचा चौरस मिलिमीटरमधला साइज: पाऊण एमएम २.६ ओहम, एक एमएम १.९५, दीड एमएम १.३३, अडीच एमएम ०.८, चार एमएम ०.५. याला अ‍ॅम्पिअरनी गुणलं की किती व्होल्ट वाटेत गेले ते निघतं. चौदा इंची मशीन १० अ‍ॅम्पिअर घेते धरा, तर ५० मीटरच्या पाऊण एमएमवर २६ व्होल्ट गेले, एक एमएमवर साडेएकोणीस, दीडवर १३, अडीचवर ८, चारवर ५. आता गावात मुळातच २०० व्होल्ट येत असतील तर पाऊण एमएमवर मशीनला मिळाले १७४. अन ते २६ व्होल्ट हवेत जात नाहीत, २६ गुणिले १० म्हणजे २६० वॅटची गरमी त्या वायरीतच तयार होते. वायर गरम झाली की तिचा रेझिस्टन्स अजून वाढतो, दर १० डिग्रीला जवळपास ४ टक्के, म्हणजे उन्हात पडलेल्या वायरीचं वरच्यापेक्षा वाईटच धरा.

माझं स्पष्ट मत आहे की दीड एमएमच्या खालची वायर साइटवर आणायचीच नाही, ग्राइंडर छोटं असलं तरी, कारण ती ओढली जाते, तिच्यावरून गाडी जाते, पातळ वायर आतून तुटते अन बाहेरून कळत नाही. ग्राइंडर-ड्रिलला दीड, मार्बल कटर अन हॅमरला ३० मीटरच्या पुढं अडीच, चौदा इंचीला अडीच, अन ५० मीटरच्या पुढं चार एमएम. महाग वाटते, पण एक आर्मेचर अन दोन दिवसांची हजेरी बुडाली त्याच्याशी ताडून बघा.

वायर घेताना अजून एक. बाजारात वरून तांब्याचं पाणी अन आत अ‍ॅल्युमिनियम अशी स्वस्त वायर भरपूर मिळते. एक तार ब्लेडनं खरवडा, आत पांढरी निघाली तर ठेवून द्या, तिचा रेझिस्टन्स दीडपटीच्या आसपास असतो अन जोडात ती लवकर सैल होते, जळते. वजनही सांगतं, अडीच एमएमच्या सिंगल कोरच्या ९० मीटर बंडलात नुसतं तांबंच पावणेदोन-दोन किलो भरलं पाहिजे, बंडल हातात हलकं लागलं की समजून जा.

अन वायर वापरताना पूर्ण उकलून टाकायची. १० मीटरच लागते म्हणून ४० मीटर गुंडाळलेली ठेवून भारी मशीन चालवली की आतल्या वेढ्यांची गरमी बाहेर निघत नाही, अन मधली वायर वितळून एकमेकीला चिकटते.

बोर्ड असा बनवा

सामान: तीन कोरची गोल रबर नसता पीव्हीसी फ्लेक्सिबल केबल, १६ अ‍ॅम्पिअरचा चांगला थ्री पिन टॉप (प्लग), जाड प्लास्टिकचा बंद बॉक्स, दोन १६ अ‍ॅम्पिअर सॉकेट, एक १६ अ‍ॅम्पिअर सी टाइप एमसीबी अन एक ३० मिलीअ‍ॅम्पिअरची दोन पोलची २५ अ‍ॅम्पिअर आरसीसीबी. एमसीबी अन आरसीसीबी वेगवेगळं काम करतात हे डोक्यात पक्कं करा. एमसीबी वायरीला वाचवते, ओव्हरलोड नसता शॉर्ट झालं की पडते. आरसीसीबी माणसाला वाचवते, फेजनं गेलेला करंट न्यूट्रलनं पूर्ण परत येतो का नाही एवढंच ती बघते, मधे कुठं जमिनीत गळाला की पडते. ओव्हरलोडचं तिला काही कळत नाही. दोन्ही एकातच पाहिजे असेल तर आरसीबीओ मिळते.

सगळ्यात आधी टॉप. केबलचं वरचं कव्हर टॉपच्या क्लॅम्पच्या आत गेलंच पाहिजे, म्हणजे ओढ क्लॅम्पवर येते, स्क्रूवर येत नाही. तिन्ही कोर सोलताना अर्थची हिरवी, नसता हिरवी-पिवळी, बाकी दोघींपेक्षा बोटभर लांब ठेवा. कधी केबल उपटली तर आधी फेज-न्यूट्रल सुटावी, अर्थ शेवटी. तारा पिळून त्यावर थिंबल (धातूची टोपी) दाबा, नुसत्या तारा स्क्रूखाली घातल्या की अर्ध्या बाहेर राहतात अन तिथं जळायला सुरुवात होते. बॉक्समध्ये केबल आत येते तिथं ग्लँड (केबल घट्ट धरणारी चकती) लावा. आत आल्यावर फेज अन न्यूट्रल दोन्ही आधी आरसीसीबीतून, मग फेज एमसीबीतून सॉकेटला, न्यूट्रल आरसीसीबीच्या आउटपुटवरून सरळ सॉकेटला. सॉकेट समोरून बघताना मोठं अर्थचं भोक वर, फेज उजवीकडं, न्यूट्रल डावीकडं. अर्थची वायर एमसीबी-आरसीसीबी कशातून न्यायची नाही, टॉपपासून सरळ दोन्ही सॉकेटच्या अर्थला. आरसीसीबीच्या पुढं न्यूट्रल अन अर्थ कुठंही एकत्र करू नका, केलं तर ती सारखी पडत राहील अन मग कुणीतरी वैतागून तिला बायपास करेल.

झाल्यावर सप्लाय देऊन आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा, खटकन पडली पाहिजे, अन हे रोज सकाळी काम सुरू करायच्या आधी करायचं. पण एक लक्षात घ्या, बटणानं पडली म्हणजे आरसीसीबी चालू आहे एवढंच ठरतं, अर्थिंग आहे का नाही ते ठरत नाही. बटण अर्थ नसली तरी काम करतं.

अर्थिंग, अन आपल्या काळ्या मातीचा प्रश्न

लोकांना वाटतं अर्थिंग केलंय ना, मग शॉक लागणार नाही, बॉडीला फेज आला की एमसीबी पडेल. हिशोब करू. समजा शेडच्या अर्थिंगचा रेझिस्टन्स २० ओहम आहे. मिक्सरच्या बॉडीला फेज लागला. करंट गेला २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अ‍ॅम्पिअर. तुमची एमसीबी १६ ची. ती पडणारच नाही, दिवसभर तशीच राहील, अन मिक्सरची बॉडी जिवंत. ओल्या सिमेंटात पाय असलेला माणूस तिला हात लावतो. आता त्याच जागी ३० मिलीअ‍ॅम्पिअरची आरसीसीबी असती तर २० ओहमच काय, अर्थ २०० ओहमची असती तरी एक अ‍ॅम्पिअरच्या वर करंट गेला असता अन ती डोळ्याची पापणी लवायच्या आत पडली असती. शेतातल्या, वस्तीवरच्या कामाला आरसीसीबीशिवाय बोर्ड लावूच नका असं मी जीव तोडून सांगतो त्याचं कारण हा हिशोब आहे.

आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते अन उन्हाळ्यात आकसते, भेगा पडतात, त्या अर्थिंगच्या पाइपाभोवतीही पडतात, पाइप अन मातीची पकड सुटते. खाली लगेच मुरूम, मग बसाल्टचा खडक, म्हणजे खोल जाता येत नाही. दिवाळीला चांगली लागलेली अर्थिंग मे महिन्यात असून नसल्यासारखी होते. पक्कं अर्थिंग करायचं तर जीआय पाइप ३८-४० एमएमचा, किमान अडीच मीटर, भिंतीपासून दीड मीटर लांब, भोवती कोळसा अन मीठ, वर नरसाळं ठेवून उन्हाळ्यात पाणी ओतायची सोय. खडक लागला तर मोरीच्या, हौदाच्या सांडपाण्याची ओल कायम राहते अशी जागा धरा, नसता आडवा खड्डा करून प्लेट टाका. हे काम लायसन्सवाल्या वायरमनकडून करून घ्या अन अर्थ टेस्टरनं मोजून घ्या.

तपासताना मल्टिमीटरवर फसू नका. फेज अन अर्थमध्ये २३० दिसलं म्हणजे अर्थ चांगली असं नाही, मीटर जवळपास काहीच करंट घेत नाही म्हणून हजारो ओहमच्या वाईट अर्थवरही तो २३० दाखवतो. त्यापेक्षा १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब होल्डरला लावून फेज अन अर्थमध्ये धरा. मंद पेटला किंवा पेटलाच नाही तर अर्थ गेलेली आहे. पूर्ण पेटला तर निदान तुटलेली नाही एवढं कळलं, पक्कं माप अर्थ टेस्टरच देईल. ही टेस्ट करताना कुणालाही कशालाही हात लावू देऊ नका, कारण अर्थ तुटलेली असेल तर अर्थला जोडलेल्या सगळ्या बॉडीत त्या वेळी फेज येतो. आधी आरसीसीबी असेल तर बल्ब लावताच ती पडेल, ते चांगलंच लक्षण.

सगळ्यात जीवघेणी सवय म्हणजे सॉकेटच्या मागं न्यूट्रलचा तुकडा अर्थच्या पिनला जोडून देणं. टेस्ट लॅम्प मस्त पेटतो, सगळ्यांना वाटतं अर्थिंग झालं. पण मागं कुठंतरी न्यूट्रल सुटला, खांबावर, मीटरमध्ये, किटकॅटात (फ्यूजमध्ये), की त्या सॉकेटवरच्या प्रत्येक मशीनच्या बॉडीत २३० व्होल्ट उभं राहतं. असा पॉइंट सापडला की तो वापरू नका अन घरमालकाला तोंडावर सांगा.

न्यूट्रलवरून अजून एक. मे महिन्यात वळवाच्या वाऱ्यात डीपीवरचा न्यूट्रल तुटला की काही घरांचे बल्ब भकाभक पेटतात, काहींचे मंद होतात. तुमच्या पॉइंटला तेव्हा ३००-३५० व्होल्टसुद्धा येऊ शकतं. ग्राइंडरचा आवाज अचानक चढला, बल्ब पांढराफट्ट झाला की स्विचनं बंद करत बसू नका, टॉपच काढा, घरमालकाला मेन स्विच पाडायला सांगा अन महावितरणच्या १९१२ नंबरवर कंप्लेंट करा. डीपीजवळ स्वतः कुणी जायचं नाही, बांबूनं जम्पर (जोडाची तार) हलवणारे माझ्या ओळखीतले काही जण आज नाहीत.

डिस्कबद्दल थोडक्यात

चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० फेरे मारतं. चांगल्या चार इंची डिस्कवर १५,००० च्या वर आकडा असतो, चौदा इंचीच्या डिस्कवर ४,३०० च्या आसपास. डिस्कवरचा आकडा मशीनपेक्षा जास्तच पाहिजे. गार्ड काढून मोठी डिस्क नसता लाकडाचं दातेरी पातं ग्राइंडरला लावणं बंद करा, ते अडकलं की मशीन थेट मांडीवर नसता गळ्यावर येतं. डिस्कवर तारीख छापलेली असते ती बघा, अन डिस्क बदलताना पिन काढलेलीच पाहिजे, स्विच बंद असून चालत नाही.

कार्बन बदलणं

ठिणग्या वाढल्या, मशीन मधेच बंद पडून हलवल्यावर चालू झालं, स्पीड कमी-जास्त व्हायला लागला, की आधी कार्बन बघा. पिन काढा, दोन्ही बाजूची टोपणं उघडा. कार्बन ५-६ एमएमच्या खाली आला असेल तर बदलायचा, अन दोन्ही बरोबरच, एक जुना एक नवा चालत नाही. मशीनच्या मॉडेलचाच घ्या. मोठा आणून कानशीनं घासून बसवतात तो होल्डरमध्ये अडकतो, मग स्प्रिंग त्याला पुढं ढकलू शकत नाही. घातल्यावर बोटानं सहज मागं-पुढं सरकतोय ना बघा. मग पाच-दहा मिनिटं बिनालोड फिरवा म्हणजे कार्बनचं तोंड कॉम्युटेटरच्या (कार्बन ज्याच्यावर घासतो त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोल भागाच्या) गोलाईला बसतं.

कार्बन काढलाच आहे तर आत टॉर्च मारा. कॉम्युटेटर एकसारखा तपकिरी असेल तर छान. एक-दोन पट्ट्याच काळ्या जळालेल्या दिसल्या, अन चालू केल्यावर पूर्ण गोल आगीची रिंग फिरते, तर आर्मेचर शॉर्ट आहे, कार्बन कितीही बदला, तो दोन दिवसांत संपणार. फॅब्रिकेशनवाल्यांनी दर आठवड्याला ब्लोअर मारलाच पाहिजे, लोखंडाचा बारीक चुरा आत जाऊन वाइंडिंगवर बसतो अन तोच शॉर्ट करतो.

रिपेअर केलेलं मशीन एकदम सप्लायला लावू नका. एका सॉकेटच्या फेजमध्ये २०० वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये टाकून सिरीज बोर्ड करून ठेवा. मशीन त्याच्यावर लावलं अन बल्ब पूर्ण पेटला, मोटर हलतच नाही, तर आत शॉर्ट आहे, परत उघडा. बल्ब थोडा पेटला अन मोटर हळूहळू फिरली तर ठीक. मग बॉडीच्या धातूच्या भागाला, म्हणजे गिअर हेडला, टेस्टर लावून बघा, त्यानंतर तुमच्या आरसीसीबीच्या बोर्डावर बिनालोड चालवा, दहा मिनिटांनी हवेच्या जाळीवर हात धरून गरमी बघा, जळका वास नसला तर कामावर घ्या.